टोपीवरचा आळ

फिर्यादी : काका, ऊन असो की रस्ता, डोकं झाका म्हणून तुम्ही पोरांच्या मागे लागता. मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहिलं की मला त्याची दुसरी बाजू दिसते. ताडकळसची, पूर्णा तालुक्यातल्या आसपासच्या खेड्यांतली बावीस-चोवीस वर्षांची पोरं येतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, “केस लई गळायलेत, काहीतरी द्या.” कधीपासून, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: परभणीला रोज गाडीवर जायला लागलो, हेल्मेट आलं, तेव्हापासून. वसुलीला फिरणारे, पार्सल पोचवणारे, नांदेडपर्यंत अप-डाउन करणारे, सगळ्यांचं गाऱ्हाणं हेच. संध्याकाळी हेल्मेट काढावं तर आतल्या अस्तराला केस चिकटलेले. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात डोकं तासन्‌तास बंद, घामानं चिंब, वाऱ्याची झुळूक नाही. लग्न जमायच्या वयात कपाळ मागे सरकायला लागलं की पोरगं आरशासमोर उभं राहायचं टाळतं, फोटो काढून घ्यायचं टाळतं. या दुःखाला गावात कुणी दुःख म्हणत नाही. म्हणून माझी फिर्याद सरळ आहे: डोकं झाकून ठेवल्यानं केस जातात.

कैवारी : त्या पोरांचं दुःख मी खरंच मानतो. म्हणूनच त्याचं खापर चुकीच्या जागी फुटू नये असं वाटतं. तुझ्या फिर्यादीत तीन पुरावे आहेत, ते एकेक करून पाहू. पहिला, अस्तराला चिकटलेले केस. माणसाच्या डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात आणि धडधाकट माणसाचेही रोज 50 ते 100 गळतात. ते उशीवर पडतात, न्हाणीतून वाहून जातात, शेतात, गाडीवर, वाऱ्यात विखुरतात. तिथं ते कुणी मोजत नाही. हेल्मेट त्यांतले काही एका जागी गोळा करून दाखवतं. गळणार होते तेच केस नजरेस पडतात आणि माणूस धास्तावतो.

दुसरा पुरावा वाऱ्याचा. केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो, त्याला श्वास लागत नाही. जिवंत असतं ते त्वचेखालचं मूळ, आणि त्याला अन्न आणि प्राणवायू रक्तातून मिळतो. डोक्याचा रक्तपुरवठा तोडण्याइतकी घट्ट टोपी कुणी घातलीच, तर केसांआधी डोकं दुखेल आणि तो ती काढून फेकेल.

तिसरा पुरावा तुझ्या पोरांच्या तोंडचा ‘तेव्हापासून’. हा सगळ्यांत फसवा. केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग सुमारे 3 महिने नुसता थांबतो आणि गळतो. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, अंग वाळवणारा उपास, असा काही धक्का बसला की पुष्कळ केस एकदम थांबतात, पण गळतात ते 2-3 महिन्यांनी. श्रावणात तापानं आठवडाभर अंथरूण धरलेल्या पोराचे केस दिवाळीच्या आसपास जायला लागतात. दिवाळीला गाडी घेतलेली, हेल्मेट घेतलेलं. श्रावणातला ताप तो विसरलेला असतो, समोर हेल्मेट दिसतं. त्यात पुरुषी टक्कल सुरू व्हायचं वय आणि नोकरीला लागायचं वय एकच. दोन गोष्टी एका वेळी आल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही.

फिर्यादी : हे हिशोब पोरांपुरते ठीक आहेत. पण म्हाताऱ्यांचं काय? पारावर बसलेल्या माणसांच्या टोप्या उचलून बघा. जन्मभर टोपी, आणि टोपीखाली टक्कल. एखाद्याचं असतं तर योगायोग म्हटलं असतं. त्यांच्या पिढीत माणूस सकाळी टोपी घालायचा तो रात्री अंथरुणावर टेकल्यावरच काढायचा. बोडक्या डोक्यानं घराबाहेर पडणं अशुभ मानलं जायचं. इतकी वर्षं डोकं झाकल्याचा काहीच परिणाम झाला नाही, असं म्हणणं मला पटत नाही. गावानं हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय, आणि पाहिलेल्या गोष्टीला पुस्तकातल्या गोष्टीपेक्षा कमी किंमत का द्यायची?

कैवारी : पाहिलेल्या गोष्टीला पूर्ण किंमत देऊ, पण मग ती नीट पाहू. पारावरच्या एखाद्या माणसाची पांढरी टोपी हातात घे. तिची कड कपाळावरून निघते, दोन्ही कानांच्या वरून जाते आणि मागे मानेच्या वर टेकते. एवढ्याच पट्ट्यावर ती डोक्याला धरून बसते. वरचा भाग घडीचा, आत पोकळ. टाळूला ती जेमतेम शिवते. आता टोपी बाजूला ठेव आणि डोकं बघ. केस कुठं गेलेत? टाळूवरचे आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले. कुठं राहिलेत? कानांच्या वर आणि मागे, घोड्याच्या नालाच्या आकारात. म्हणजे टोपी जिथं रोज घासली आणि दाबून बसली, त्यातल्या बहुतेक जागी केस शाबूत आहेत. जिथं ती नीट टेकलीच नाही, तिथले गेले. टोपी गुन्हेगार असती तर नाल उलटा पडला असता.

आणखी एक बघ. निजामाच्या काळात आपल्या मराठवाड्यात रुमी टोपी होती, रुमाल-पटके होते, पगड्या होत्या, आणि संस्थानाविरुद्ध उभं राहणाऱ्यांची पांढरी खादीची टोपी होती. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं, त्या वेळच्या फोटोत उघडं डोकं शोधावं लागतं. आज आठवडी बाजारात झाकलेलं डोकं शोधावं लागतं. दोन पिढ्यांत टोपी उतरली, टक्कल काही उतरलं नाही. उलट तूच सांगतोस की आता बावीस वर्षांची पोरं तेल मागायला येतात. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर अनेकदा क्रम उलटाही असतो: केस जायला लागले म्हणून माणूस टोपी सोडत नाही. आपण टोपी आणि टक्कल एकत्र पाहतो, आधी काय आलं ते आपण पाहिलेलं नसतं.

फिर्यादी : मग टक्कल येतं कशानं? ‘नशीब’ म्हणू नका. पोरांना तेही ऐकवलं जातं.

कैवारी : नशीब म्हणणार नाही, कारण उत्तर बरंचसं हाती आहे. 1942 साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी एक निरीक्षण मांडलं. वयात येण्याआधी ज्यांची वृषणं काढलेली होती अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांतल्या ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं, त्यांना पुरुषी संप्रेरक दिल्यावर ते पडू लागलं. दोन गोष्टी लागतात: घराण्यातून आलेला कल आणि पुरुषी संप्रेरक. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. टाळूवरची आणि कपाळावरची केसांची मुळं त्याला हळवी असतात, दर फेरीत ती आकसत जातात, केस बारीक, आखूड होत शेवटी दिसेनासा होतो. मागच्या आणि बाजूच्या मुळांवर त्याचा तसा परिणाम होत नाही. हा कल बापाकडूनही येतो, आईकडूनही येतो.

याचा पुरावा आज शहरातल्या प्रत्येक हेअर ट्रान्सप्लांट केंद्रात बघायला मिळतो. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1950 च्या दशकात दाखवलं की डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट काढून पुढे टकलावर लावले तर ते तिथं टिकतात. डोकं तेच, ऊन तेच, टोपी तीच. तरी शेजारचे जुने केस जातात आणि मागून आणलेले राहतात. टोपीखाली गुदमरून केस जात असते तर दोघेही गेले असते.

फिर्यादी : पुरुषी टकलाच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागेल. पण काका, तुम्ही एका प्रकारच्या गळतीचं उत्तर देऊन सगळा खटला निकालात काढताय. केस जाण्याचे प्रकार अनेक आहेत, आणि त्यांतला एक तर सरळ डोक्यावरच्या बंधनानंच होतो. आपल्या शेजारी नांदेडला हुजूर साहिब आहे. शीख माणूस केस कापत नाही, जुडा घट्ट बांधतो आणि त्यावर पगडी. कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेला शीख पुरुषांचे केस मागे हटल्याच्या नोंदी त्वचारोगाच्या ग्रंथांत आहेत. परदेशात नर्स पूर्वी कडक टोपी पिनांनी डोक्यावर बसवत. पिन जिथं ओढायची तिथले केस गेल्याचं 1970 च्या दशकात डॉक्टरांनी लिहून ठेवलं. 1907 साली तर ग्रीनलंडच्या बायकांच्या डोक्यावर हेच आढळलं, कारण त्या केस ओढून टाळूवर गच्च बांधायच्या.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याच भागातल्या तांड्यांवर जा. लमाण समाजातल्या जुन्या बायकांच्या कानशिलाशी केसांत गुंफलेले चांदीचे जड दागिने आठवा. वर्षानुवर्षं तेवढं वजन केसांना लोंबतं. पदराखाली, बुरख्याखाली, ओढणीखाली बाया अंबाडा आवळून बांधतात, कारण झाकायचं तर केस आवरलेले हवेत. मोंढ्यातला हमाल आणि डोक्यावर चुंबळ ठेवून हारा वाहणारी बाई, त्यांच्या टाळूवर रोज घासणारं ओझं असतं. यांना तुम्ही संप्रेरकाचा धडा शिकवणार का? डोक्यावर घातलेल्या गोष्टीनं केस जातात, हे इथं तर सिद्धच आहे.

कैवारी : हे तू बरोबर आणलंस आणि मी ते टाळणार नाही. वैद्यक त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतं, ओढीमुळं होणारी केसगळती. नुकतंच रुजलेलं रोप रोज थोडं थोडं ओढलं तर एक दिवस ते हातात येतं, तसं या केसांचं होतं. मात्र तुझ्या प्रत्येक उदाहरणात गुन्हा कुणी केलाय ते बघ. शीख माणसाच्या डोक्यावर ओढ असते ती जुड्याची. जुडा सैल बांधला, जागा बदलत राहिली, तर तीच पगडी त्रास देत नाही. नर्सच्या टोपीत पिन, तांड्यावर वजन, अंबाड्यात आवळलेली गाठ, हाऱ्याखाली घर्षण. झाकणं हा त्यांतला समान भाग नाही. समान भाग आहे ओढ, घासणं आणि भार. उघड्या डोक्यानं फिरणाऱ्या मुलीनंही रोज गच्च पोनीटेल बांधली तर तिच्या कपाळाची रेषा मागे जाते, आणि तिच्या डोक्यावर तर काहीच नसतं.

आणि या दोन गळती ओळखता येतात. ओढीची गळती कडेला दिसते: कपाळाच्या रेषेवर, कानांच्या पुढे, जिथं बांधलं जातं तिथं. पुष्कळदा अगदी कडेला बारीक केसांची एक ओळ तेवढी शिल्लक राहते, कारण ते आखूड केस गाठीत येतच नाहीत. वंशपरंपरेचं टक्कल पुरुषांत कोपरे आणि टाळू धरतं. बायकांमध्ये कपाळाची रेषा राहते आणि मधला भांग रुंद होत जातो. डोक्यावर गोल, साफ, रुपयाएवढा चट्टा पडला तर तो तिसराच आजार. मुलाच्या डोक्यावर खपल्या, खाज आणि तुटलेले केस असतील तर बुरशी, म्हणजे नायटा. तो मात्र एकाची टोपी दुसऱ्यानं घातल्यानं, एकाचा कंगवा दुसऱ्यानं वापरल्यानं पसरू शकतो. टोपीवर खरा आरोप ठेवायचाच असेल तर तो इथं ठेव.

फिर्यादी : म्हणजे ‘टोपीनं केस जात नाहीत’ हे तुमचं वाक्य आता ‘सैल, स्वच्छ आणि स्वतःची असेल तर जात नाहीत’ असं झालं. तीन अटी वाढल्या.

कैवारी : वाढल्या, आणि त्या वाढायलाच हव्या होत्या. पण मूळ वाक्याच्या बाजूनंही एक पुरावा आहे. 2013 साली अमेरिकेत बहमन गुयुरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 92 एकसारख्या जुळ्या पुरुषांच्या डोक्यांची पाहणी प्रसिद्ध केली. एकसारखे जुळे म्हणजे आईबापाकडून आलेला वारसा सारखा. मग एकाचे केस जास्त गेले आणि दुसऱ्याचे कमी, तर फरक राहणीत शोधायचा. त्यात सिगारेट जितकी जास्त वर्षं तितकी गळ जास्त दिसली. आणि रोज टोपी घालणाऱ्यांच्या कानशिलांवरची गळ कमी दिसली. कमी, बरं का.

फिर्यादी : ती पाहणी मलाही ठाऊक आहे, आणि तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. केसांच्या औषधांवर, उपायांवर ज्यानं जास्त पैसे खर्च केले, त्याचे कानशिलांवरचे केस जास्त गेलेले होते. आता त्यावरून औषधांनी केस जातात असं तुम्ही म्हणाल का? नाही म्हणणार. केस जायला लागले म्हणून त्यानं पैसे घातले, असंच म्हणाल. मग टोपीचा निकाल मात्र तुम्ही सरळ का वाचता? तिथंही काही उलटं असू शकतं. शिवाय ते लोक अमेरिकेतले. त्यांची टोपी आणि 45 अंशांत दहा तास घातलेलं, महिनोन्‌महिने न धुतलेलं हेल्मेट, या एकच गोष्टी नाहीत. घाम साचतो, तेल साचतं, कोंडा वाढतो, खाज सुटते, माणूस नखांनी ओरबाडतो, केस तुटतात. कोंड्याचा संबंध तर त्याच पाहणीत कपाळावरच्या गळतीशी दिसला होता. तुम्ही म्हणाल केस तुटला, मूळ शाबूत आहे. ज्याचं डोकं विरळ दिसतं त्याला तो फरक आरशात दिसत नाही.

कैवारी : जुळ्यांच्या पाहणीवरचा तुझा आक्षेप योग्य आहे, मी तिला ‘टोपी केस राखते’ असा पुरावा म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की टोपीनं केस जातात या समजुतीला तिथं आधार मिळाला नाही. घाम आणि कोंड्याचंही तुझं खरं आहे. मात्र त्यावरचा उपाय काय निघतो ते बघ. अस्तर काढून धुवायचं, आतून पातळ सुती कापड बांधायचं, ते रोज बदलायचं, ओल्या केसांवर हेल्मेट चढवायचं नाही, कोंड्याचं औषध घ्यायचं. डोकं उघडं टाकायचं, असा उपाय यातून निघत नाही.

फिर्यादी : आता मी माझा शेवटचा आणि मोठा मुद्दा मांडतो. बुलढाणा आठवा. डिसेंबर 2024 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस पुंजक्यापुंजक्यानं हातात यायला लागले. काही दिवसांत चक्क टक्कल. बाया, पोरं, कुणी सुटलं नाही. लोकांनी आरडाओरड केली. आधी शांपूवर संशय, मग बुरशीवर, मग विहिरी-बोअरच्या पाण्यावर. आयसीएमआरची पथकं आली. आणि महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर, मूळचे आपल्या मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्याचे, विंचूदंशावरच्या कामामुळं जगाला माहीत असलेले, त्यांनी स्वतः शोध घेऊन फेब्रुवारी 2025 मध्ये सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार मोठं आहे. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम वाढलेलं आणि जस्त कमी झालेलं त्यांना आढळलं.

यातून मी काय शिकलो? लोकांनी ‘केस जातायत’ म्हटलं तेव्हा ते खरं सांगत होते. सुरुवातीला त्यांच्या न्हाणीत आणि शांपूच्या पुडीत दोष शोधला गेला. बावस्करांच्या शोधाप्रमाणं दोष होता त्यांच्या ताटात, आणि तो त्यांनी स्वतः घातलेला नव्हता. म्हणून गाव जेव्हा ‘हेल्मेटनं केस जातात’ म्हणतं, तेव्हा ‘अडाणी समजूत’ म्हणून ते झटकून टाकायची माझी तयारी नाही.

कैवारी : झटकून टाकू नकोच. बुलढाण्यानं तुला शिकवलं तेच मलाही शिकवलं, फक्त मी ते वाक्य शेवटपर्यंत वाचतो. लोकांचं निरीक्षण खरं होतं, कारण मात्र पहिल्या सुचलेल्या जागी नव्हतं. शांपूवरच थांबले असते तर गव्हापर्यंत कुणी पोचलं नसतं. आपल्या पोरांच्या बाबतीत हेल्मेट म्हणजे तो शांपू आहे. पहिली नजर जाते तिथं आपण थांबतो, आणि खरं कारण मागे राहतं.

खरी कारणं किती आहेत बघ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. शरीरात लोह कमी पडलं की केस पातळ होऊ शकतात. थायरॉइड बिघडलं तरी होतात. तुझ्याकडं केसांचं तेल मागायला आलेल्या बाईला तू पदर कमी घे असं सांगितलंस, तर तिचं हिमोग्लोबिन कोण तपासणार? आणि ज्या पोराला घराण्यातलं टक्कल पडतंय, त्याच्यासाठी काळ महत्त्वाचा असतो. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड अशी औषधं डॉक्टरच्या सल्ल्यानं वेळेत सुरू झाली तर असलेले केस टिकवायला मदत होते. मूळ पुरतं आकसून गेल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाहीत. हेल्मेट सोडून बघतो म्हणत त्यानं दोन वर्षं घालवली, तर केसही गेले आणि डोक्याचं संरक्षणही.

फिर्यादी : संरक्षणाचं मला अमान्य नाही.

कैवारी : पण त्याचा आकडा तुला ठाऊक असायला हवा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणं 2022 या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले 50,029 लोक रस्त्यावर मेले. त्यांत 35,692 गाडी चालवणारे आणि 14,337 मागं बसलेले. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 हेल्मेट सक्तीचं करतं, पण गावातून निघालेलं पोरगं ते हँडलला अडकवतं आणि पुढं पोलीस दिसला की डोक्यावर चढवतं. का घालत नाहीस विचारलं तर ज्या कारणांची यादी मिळते, त्यात ‘केस जातात’ हे हमखास असतं. शेतात तेच. दुपारी बारा वाजता तुरीत खुरपणारा माणूस रुमाल सोडून बोडक्या डोक्यानं राबला तर उन्हाचा तडाखा सरळ त्याच्या डोक्यावर बसतो. म्हणून मला वाटतं, अशा प्रश्नाला लोकांसमोर उत्तर द्यायचं ते एका दमात: टोपीनं, हेल्मेटनं टक्कल पडत नाही. अटी, अपवाद, शीख पगडी, नर्सची पिन, हे डॉक्टरच्या खोलीत. चावडीवर अपवाद सांगितला की लोक अपवादच घरी घेऊन जातात.

फिर्यादी : इथंच आपली वाट वेगळी होते, काका, आणि मला वाटतं ती वेगळी राहील. तुम्ही म्हणता तसं एका दमात ‘नाही’ सांगितलं आणि उद्या एखाद्या मुलीच्या ओढणीखालच्या आवळलेल्या अंबाड्यामुळं तिची कपाळाची रेषा खरोखर मागे गेली, तर ती तुमच्या दुसऱ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही. हेल्मेटच्याही नाही. ओढीची गळती लवकर लक्षात आली तर भरून येते, वर्षानुवर्षं चालली तर कायमची होते. म्हणजे तुमचं मौन तिला महागात पडतं. लोकांना अर्धं सत्य झेपतं आणि पूर्ण झेपत नाही, हे ठरवणारे आपण कोण? बुलढाण्याच्या लोकांना कुणीतरी ‘काही घाबरू नका’ एवढंच सांगितलं असतं, तर ते आजही तोच गहू खात असते.

कैवारी : आणि तू ‘हो, पण’ असं म्हणालास आणि त्यातला ‘हो’ तेवढा ऐकून एखाद्या पोरानं हेल्मेट घरी ठेवलं, तर? केस भरून येतात, न आले तरी माणूस जगतो. फुटलेलं डोकं भरून येत नाही. मी सत्य लपवा म्हणत नाही. ज्या चुकीनं जीव जातो ती आधी अडवा म्हणतो.

फिर्यादी : मग निदान ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये जे उरतं ते तरी दोघं मिळून सांगू. माझी फिर्याद मी बदलतो. टोपीवरचा आळ मी मागे घेतो, पण ओढीवरचा, घासण्यावरचा आणि अस्वच्छतेवरचा ठेवतो. ‘डोकं झाकल्यानं केस जातात का’ असं मी आता कुणाला विचारणार नाही. केस कुठले जातायत, कधीपासून जातायत आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत शरीरावर काय गुजरलं, हे विचारीन. कडेचे जात असतील तर गाठ सैल करायला सांगीन. टाळूवरचे जात असतील तर त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवीन, तेलाची बाटली पुढं करणार नाही. सगळीकडचे एकदम जात असतील तर रक्त तपासायला सांगीन. आणि एकाच गावात, एकाच वेळी, पुष्कळांचे जात असतील, तर आरोग्य केंद्राला कळवीन आणि रेशनचा गहू बाजूला काढून ठेवायला सांगीन. तुम्ही चावडीवर हेल्मेट घाला म्हणून सांगाल, तेव्हा मी शेजारी उभा राहून अस्तर धुवा म्हणून सांगीन. आपल्या दोघांत आधी कुणाचं ऐकावं हे लोक ठरवतील.

कैवारी : त्याला माझी हरकत नाही. माझं आधी ऐकावं असा माझा आग्रह मात्र राहील. वाचणाऱ्यानंही आज एवढं करावं: आरशासमोर उभं राहून आपले केस कडेचे विरळ झालेत की टाळूवरचे ते बघावं, आणि बाहेर पडताना, उत्तर काहीही आलं तरी, हेल्मेट घालून हनुवटीखालचा पट्टा लावावा.